विलो बेंड ते पॅसिफिक, मार्गे कोंबडीचा रस्सा

पॅसिफिक महासागर आमच्या आयोवा राज्याच्या पश्चिमेला आहे, हे विलो बेंडच्या शाळेतलं कुठलंही पोर सांगू शकलं असतं. तरी आमची 'विलो बेंड अँड पॅसिफिक रेलरोड कंपनी' पहिल्या दिवसापासून पूर्वेला धावली. धावली तीसुद्धा फक्त नऊ मैल, कटलर जंक्शनपर्यंत. तिथून मोठ्या कंपन्यांच्या गाड्या मिळायच्या.

याला कारण होतं. गावाच्या पश्चिमेला कंपनीचे अध्यक्ष लायसँडर व्हिपल यांच्या मेहुण्याचं शेत होतं.

मेहुणा म्हणाला, "माझ्या मक्यातून गाडी नेलीस तर मी रुळांवर झोपेन."

"झोप की!" व्हिपलसाहेब म्हणाले.

त्यांच्या बायकोने, म्हणजे फिलीनाबाईंनी, शिवणकामातून मान वर केली. "अहो, तो खरंच झोपेल. लहानपणापासून कुठेही झोपतो तो. एकदा चर्चमध्ये उभ्या उभ्या झोपला होता."

तेव्हा असं ठरलं की तूर्त पूर्वेला नऊ मैल टाकावेत आणि मेहुण्याची समजूत पटली की पश्चिमेचं बघावं. नाव मात्र आधीच रंगवून झालं होतं. रंगाऱ्याने 'पॅसिफिक' इतकं देखणं काढलं होतं की ते पुसायचं कुणाच्याच जिवावर आलं.

व्हिपलसाहेब मुळात पायपेट्या विकायचे. गाडीत पायपेटी टाकून शेताशेतावर जायचे, अंगणात उतरवून एक भजन वाजवायचे, आणि शेतकऱ्याची बायको रडली की पेटी तिथेच ठेवून यायचे. माणूस उंच, मिशा पिळदार, आवाज भरदार. हे असं काही बोलायला लागले की मध्येच थांबायचे आणि लांब कुठेतरी बघायचे. समोरच्याला वाटायचं, यांना काहीतरी दिसतंय. अठराशे चौऱ्याऐंशी साली असंच बोलता बोलता त्यांनी अख्ख्या गावाकडून रेल्वे बांधून घेतली. कुणी लाकूड दिलं, कुणी बैल, माझ्या वडिलांनी अख्खा उन्हाळा खडी टाकली. इंजिन जुनंच मिळालं. पुढून जरा बसकं होतं आणि चढाला लागलं की कण्हायचं. व्हिपलसाहेबांनी त्याला प्रेमाने 'फिलीना' नाव दिलं. फिलीनाबाईंनी इंजिन पाहिलं, त्यावरचं नाव वाचलं, आणि आठवडाभर नवऱ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

मी अल्मायरा टटल. विलो बेंडच्या स्टेशनात तिकिटं मी द्यायची, तारा मी घ्यायच्या, हिरवा बावटा मी दाखवायचा आणि फलाटही मीच झाडायचा. गाडी हाकायला निल्स हॉलबर्ग नावाचा स्वीडिश गृहस्थ होता. तो दिवसाला दहाबारा वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी इंजिनाशी. इंजिन फिरवायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून गाडी जाताना सरळ जायची आणि येताना उलटी. सुरुवातीला चारसहा लोकांना मळमळलं. मग सवय झाली.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दिवसाला पाच नाहीतर सहा माणसं, टपालाची पिशवी आणि अधूनमधून एखादं डुक्कर. मग व्हिपलसाहेबांना पासांचा शोध लागला.

रेल्वे कंपन्यांचे अध्यक्ष नव्या वर्षाला एकमेकांना फुकट प्रवासाचे पास पाठवतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. त्यांनी लगेच सोनेरी कडेची दीडशे कार्डं छापली आणि देशातल्या यच्चयावत अध्यक्षांना धाडली. 'विलो बेंड अँड पॅसिफिकच्या संपूर्ण मार्गावर आपलं स्वागत आहे.' फेब्रुवारीत उत्तरं यायला लागली. रोज पिशवी उघडायची आणि आत पास. न्यूयॉर्कपासून टेक्सासपर्यंत एकशे बारा कंपन्यांनी आमच्या साहेबांना आपापल्या गाड्यांत फुकट बसायला बोलावलं होतं. नऊ मैलांवरून कुणी हटकलं का? छे! 'पॅसिफिक' वाचलं की जो तो समजायचा, असेल कुठेतरी डोंगरापलीकडे.

व्हिपलसाहेबांनी नवी हॅट घेतली आणि जे निघाले ते महिना महिना घरी दिसेनात.

फिलीनाबाईंनी एकदा विचारलं होतं. मी तिथेच होते. "अहो, या खेपेला मी येऊ का? शिकागो तरी बघते."

"नेलंच असतं गं, पण पासावर एकाच माणसाचं नाव असतं," ते म्हणाले आणि लांब कुठेतरी बघू लागले. फिलीनाबाईंनी त्यांच्या बॅगेत सहा उकडलेली अंडी ठेवली आणि बॅग धाडकन बंद केली.

शिकागोला अध्यक्षांची मोठी सभा भरली होती. तिथे कुणीतरी विचारलं, "मिस्टर व्हिपल, तुमची लाइन किती लांब?" हे म्हणाले, "अजून वाढतेय," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एवढ्यावर त्यांना पॅसिफिककडे जाणाऱ्या मार्गांच्या समितीचं अध्यक्ष केलं. वर्तमानपत्रात फोटो आला. आम्ही तो स्टेशनात चिकटवला. निल्सने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हॅट छान आहे."

मग गावोगावहून त्यांच्या आज्ञेच्या तारा सुरू झाल्या. एक आली: 'फलाटावर ताडाची झाडं लावा.' आम्ही सूर्यफुलं लावली. दुसरी आली: 'सर्व मोठ्या मार्गांवर गाडीला जेवणाचा वेगळा डबा जोडलेला असतो. आपणही सोमवारपासून सुरू करावा.'

मी तार निल्सला वाचून दाखवली. तो म्हणाला, "पस्तीस मिनिटांत पोचतो आपण. चमचा हातात घेईपर्यंत उतरायचं."

पण फिलीनाबाईंनी ती तार माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली आणि बाह्या वर केल्या. मालडब्यात चूल बसवली. बसायच्या डब्यातल्या अर्ध्या बाकांसमोर टेबलं ठोकून घेतली. सोमवारी त्यांनी सूप केलं, कोंबडीचा दाट रस्सा आणि त्यात शिजवलेले पिठाचे मऊ गोळे केले, मक्याचा पाव केला आणि वर अ‍ॅपल पाय.

निल्स म्हणाला तसंच झालं. लोकांच्या तोंडात पहिला घास जातोय तोच कटलर जंक्शन आलं. कुणी उठायला तयार होईना. पाद्रीबुवांना कटलरमध्ये लग्न लावायचं होतं, ते बशी हातात घेऊनच उतरले. पुढे कळलं की त्यांनी अर्धं लग्न तोंडात घास धरूनच लावलं, आणि नवऱ्या मुलाने 'होय' म्हणायच्या आधी विचारलं, "हा वास कसला हो?"

दुसऱ्या दिवशी फिलीनाबाई इंजिनाशी गेल्या. "निल्स, उद्यापासून गाडी हळू घ्यायची."

"हळू म्हणजे किती?"

"लोकांची जेवणं होईपर्यंत."

निल्सने डोकं खाजवलं. मग त्याने वेळापत्रक पार बदलून टाकलं. दुसऱ्या मैलापर्यंत सूप, बीव्हर नाल्याच्या पुलापर्यंत रस्सा, ऑल्ड्रिचच्या गोठ्यापाशी अ‍ॅपल पाय, आणि जंक्शन दिसायला लागलं की कॉफी. एकूण दोन तास. झपझप चालणारे आम्हाला मागे टाकून जायचे आणि जाता जाता खिडकीतून आत बघायचे. ऑल्ड्रिचची एक गाय रोज मैलभर डब्याच्या बाजूने चालायची. तिला पावाचे तुकडे मिळायचे.

आणि माणसं यायला लागली हो! आधी आसपासची, मग दोन दोन परगण्यांवरून. कटलरला उतरायचं, आमच्या गाडीत बसायचं, जेवायचं, विलो बेंडला पाय मोकळे करायचे आणि परतीच्या गाडीत पुन्हा जेवायचं. मी तिकीट देताना विचारायची, "कुठे जायचंय?" लोक म्हणायचे, "कुठेही चालेल, खिडकीशी टेबल द्या." परत येताना गाडी उलटी चालते, तेव्हा जेवणही उलटं हवं, असा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हट्ट धरला. फिलीनाबाईंनी त्याला आधी कॉफी, मग पाय, मग रस्सा आणि शेवटी सूप वाढलं. तो म्हणाला, आता कुठे पोट नीट भरलं.

तीन वर्षं अशी गेली. आम्ही आणखी दोन डबे घेतले. फलाटावर बाकं आली. रविवारी उभं राहायला जागा नसायची. व्हिपलसाहेब अधूनमधून घरी यायचे, ही गर्दी पाहायचे आणि मला म्हणायचे, "बघ अल्मायरा, शिकागोत माझ्या ओळखी झाल्याचा हा परिणाम." आतून फिलीनाबाईंचा पळी आपटल्याचा आवाज यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तार आली ती 'लेक्स अँड गल्फ' या बड्या कंपनीच्या बर्ट्रम स्टॉडर्ड नावाच्या अध्यक्षांकडून. योगायोगाने आमचे साहेब त्या दिवशी स्टेशनातच होते. मी वाचलं: 'सासूबाईंचं वय एक्याऐंशी. त्यांना समुद्र पाहायचा आहे, तोही पॅसिफिकच. आपल्या मार्गाने पॅसिफिकला जाण्याचा विचार आहे. गुरुवारी येतो. नकाशात आपली लाइन सापडली नाही, मला बहुधा नवा चष्मा लागणार.'

व्हिपलसाहेबांच्या मिशा खाली आल्या.

"कळव त्यांना," ते म्हणाले, "पूल वाहून गेला."

"कोणता पूल?"

"पॅसिफिककडचा."

"साहेब, आपल्याकडे पूल एकच आहे. त्याच्यावर बसून माझे वडील मासे धरतायत."

"मग साथ आली म्हणून कळव. देवीची. नाहीतर टोळधाड!"

फिलीनाबाई पिठाचे हात पुसत दारात आल्या. "येऊ द्या त्यांना. जेवायला किती माणसं?"

गुरुवारी कटलर जंक्शनला स्टॉडर्डसाहेब उतरले. माणूस पिंपासारखा, सोन्याची साखळी पोटावर आडवी. मागून त्यांच्या सासूबाई, मिसेस ऑक्टेव्हिया प्रुइट. मुठीएवढी म्हातारी, हातात काठी आणि पोहायला जाणाऱ्यांसारखी पेंढ्याची टोपी. स्टॉडर्डसाहेबांचा खासगी रेल्वेडबा इतका जड होता की निल्सने आमचा पूल आठवून नुसती मान हलवली. त्यामुळे दोघं आमच्याच गाडीत बसले. कटलरहून विलो बेंडला जायचं म्हणजे निदान पश्चिमेला तरी जायचं होतं. तेवढाच आमच्या साहेबांना धीर.

गाडी हलली तशी म्हातारी म्हणाली, "अहो, ही उलटी का चाललीय?"

व्हिपलसाहेब क्षणभर लांब बघत राहिले. "बाईसाहेब, समुद्र एकदम समोर आला की नाजूक माणसांना धक्का बसतो. म्हणून पाठीमागून हळूच जायचं."

"मी नाजूक नाही," म्हातारी म्हणाली. "मी दोन नवरे पुरलेत."

साहेबांनी निल्सला आधीच सांगून ठेवलं होतं की होईल तितकं हळू घे. काहीतरी सुचेपर्यंत वेळ काढायचा होता. निल्सने त्या दिवशी जो वेग धरला त्याला वेग म्हणणं धाडसाचं ठरेल. ऑल्ड्रिचची गाय कंटाळून पुढे निघून गेली. सूप झालं, रस्सा झाला, पाय झाला, कॉफी झाली, आणि पाहतो तर आम्ही अजून पुलापाशीच. फिलीनाबाईंनी पुन्हा रस्सा वाढला. स्टॉडर्डसाहेबांनी तिसऱ्यांदा घेतला, मग चौथ्यांदा. साखळीखालचं बटण सोडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझी आई असं करायची," ते पुटपुटले.

"खोटं," म्हातारी म्हणाली. "तुझी आई पाणीसुद्धा करपवायची."

पावणेचार तासांनी विलो बेंड आलं. आमचे रूळ गिरणीच्या तळ्यापाशी एका लाकडी ओंडक्याला टेकून संपतात. म्हातारी काठी टेकत उतरली, तळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तळ्यात सात बदकं होती.

"हाच का तो?" तिने विचारलं.

व्हिपलसाहेबांनी हॅट काढली. "बाईसाहेब, हा... त्याचा सुरुवातीचा भाग."

"मी ऐकलं होतं त्यापेक्षा लहान आहे," ती म्हणाली. "पण बदकं गोड आहेत."

स्टॉडर्डसाहेबांचा चेहरा बिटासारखा झाला. "व्हिपल! उरलेली लाइन कुठाय?"

व्हिपलसाहेब लांब बघायला गेले तर तिकडे मेहुण्याचा मका.

"उरलेली माझ्या भावाच्या शेतात अडकलीय," फिलीनाबाई पायरीवरूनच म्हणाल्या. "चार वर्षं झाली. तो हलत नाही आणि हे खरं सांगत नाहीत."

स्टॉडर्डसाहेबांनी खिशातून आमचा सोनेरी पास काढला आणि हवेत नाचवला. "मग हे काय? 'श्री. स्टॉडर्ड व कुटुंब, संपूर्ण मार्गावर'! संपूर्ण म्हणे! नऊ मैल!"

फिलीनाबाई खाली उतरल्या. त्यांनी तो पास हातात घेतला. "व कुटुंब?"

"अर्थात. सगळ्या पासांवर तसंच असतं. मी यांना पाठवला त्यावरही होतं."

"सगळ्या?"

"एकूण एक."

फिलीनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मी तोवर कधी पाहिली नव्हती. निल्सने इंजिनाची वाफ सोडणंही थांबवलं.

"तू कंटाळशील असं वाटलं गं," व्हिपलसाहेब म्हणाले. आवाजातला भरदारपणा पार गेला होता. "नुसती भाषणं असतात. आणि तिथे मी... तिथे सगळे मला मोठा माणूस समजायचे. तू आली असतीस तर कुणीतरी तुला मैल विचारले असते, आणि तू खरं सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं," बाई म्हणाल्या.

स्टॉडर्डसाहेबांनी घसा साफ केला. राग होताच, पण पोटात चार वाट्या रस्साही होता. "बाई, माझ्या गाड्यांत जे जेवण मिळतं ते मी स्वतः खात नाही. कुत्र्यालाही देत नाही. तुम्ही आमच्या जेवणाच्या डब्याचा ताबा घ्याल? ओमाहापासून थेट आखाताच्या समुद्रापर्यंत."

"ही आली तरच मी पुढे येईन," म्हातारीने काठी आपटली. "नाहीतर मला बदकंच पुरेत."

फिलीनाबाई घरात गेल्या. दहा मिनिटांत हॅट घालून, बॅग घेऊन बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "अल्मायरा, कोंबड्यांना संध्याकाळी दाणे घाल. लाल कोंबडीला आधी, तिचा स्वभाव फार वाईट आहे." नवऱ्याला म्हणाल्या, "कपाटात लोणचं आहे." आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसल्या.

जाताना मात्र निल्सने गाडी पस्तीस मिनिटांत नेली. त्याला वाटलं, बाईंचं मन बदलायच्या आत पोचवावं.

दुसऱ्या दिवशी जंक्शनला साठ माणसं उभी होती. गाडी आली, त्यांनी नाक वर करून वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि पांगले. तिसऱ्या दिवशी व्हिपलसाहेबांनी स्वतः चूल पेटवली. रस्सा निळसर झाला होता, तो का हे कुणालाच सांगता आलं नाही. पिठाचे गोळे एवढे घट्ट झाले की निल्सने त्यातला एक उतारावर चाकाखाली लावून पाहिला. गाडी तसूभर हलली नाही. तो खूश झाला. म्हणाला, "याचा उपयोग आहे."

लोकांच्या आता लक्षात आलं की कटलरला घोडागाडी आमच्या आधी पोचते. तिकडे स्टॉडर्डसाहेबांनी शिकागोत तळ्याची गोष्ट सांगितली असावी, कारण जूनपासून टपालाची पिशवी पुन्हा फुगून यायला लागली. 'आपला पास रद्द समजावा.' रोज पाचसात. साहेब खिडकीशी बसून एकेक उघडायचे आणि नीट घडी घालून परत ठेवायचे. एका कंपनीने पास रद्द केला आणि खाली लिहिलं होतं, बदकं कशी आहेत?

थंडीपर्यंत गाडीत मी, निल्स आणि टपालाची पिशवी एवढेच उरलो. पुढल्या वसंतात कोर्टाचा माणूस कंपनीच्या वस्तूंची यादी करायला आला आणि दुपारच्या आत मोकळा झाला. मग रूळ उखडायला गडी आले. माझ्या वडिलांनी टाकलेली खडी ते घमेल्याने भरत होते. वडील कुंपणाशी उभे राहून म्हणत होते, "अरे, नीट उचला, चाळलेली आहे ती!" इंजिन भंगारात गेलं. निल्सने त्यावरची नावाची पट्टी आधीच काढून घेतली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "बाईंचं नाव आहे, भट्टीत कसं टाकू द्यायचं?" आणि लाजून लाल झाला.

साहेबांनी फिलीनाबाईंना पत्रं लिहिली. बरीच लिहिली, मीच टपालात टाकली. उत्तर आलं ते तारेने, ओमाहाहून: 'भांडी घासायला माणूस हवा आहे. सवय नसली तरी चालेल.'

ती तार त्यांनी माझ्यासमोर उभ्यानेच वाचली. मग म्हणाले, "अल्मायरा, तिकीट काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" चार वर्षं त्यांनी कधी काढलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी हॅट मला देऊन टाकली आणि कटलरपर्यंत चालत गेले.

पुढे मला डे मॉइनच्या तार कचेरीत नोकरी लागली. सहा वर्षांनी बहिणीकडे जायला 'लेक्स अँड गल्फ'ची गाडी धरली आणि जेवणाच्या डब्यात शिरले तर ओळखीचा वास. फिलीनाबाई स्वतः वाढायला आल्या. अंगाने भरल्या होत्या, गालांवर लाली होती. मला पाहून त्यांनी पळी खाली ठेवली आणि अशी मिठी मारली की माझी टोपी शेजारच्याच्या सुपात पडली.

"आणि साहेब?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीने स्वयंपाकाच्या खिडकीकडे खूण केली. तिथून दोन पिळदार मिशा डोकावल्या. हात कोपरापर्यंत फेसात.

"अल्मायरा!" ते ओरडले. आवाज पुन्हा भरदार झाला होता. "ऐकलंस का? रेल्वेच्या डब्यांत भांडी घासणाऱ्यांची अखिल अमेरिकी संघटना काढलीय. अध्यक्ष मी. पुढच्या महिन्यात डेन्व्हरला सभा आहे, हिलाही नेणार आहे!"

"सभासद किती?" मी विचारलं.

त्यांनी लांब खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसतं गवत होतं.

"दोन आहेत," फिलीनाबाई म्हणाल्या. "दुसरी मी. चला अध्यक्ष, बशा संपल्यात."